मळ्यातला मुक्काम: गावातला की गावाचा?

डिसेंबरात कॉफीच्या मळ्यात जायचं, असं ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत तीन घरांचं ठरलं. शेजारच्या वहिनींनी फोन पुढे केला. "बघा, इको, कम्युनिटी, सगळं लिहिलंय!" लिहिलेलं होतं खरं. पण आगाऊ रकमेसाठी पाठवलेला क्यूआर स्कॅन केला, तर नाव एकाच माणसाचं.

त्यात गैर काही नाही. कूर्ग-चिकमगळूरचे होमस्टे बहुतेक असेच. मळा एका कुटुंबाचा, खोल्याही त्यांच्याच. गावातली माणसं तिथे स्वयंपाक करतात, मळा फिरवून दाखवतात, पगार घेतात. नफा-तोटा मालकाचा.

गावाच्या मालकीचं पर्यटन ठाणेकराला कन्व्हेयन्सवरून, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्यावरून, पटकन कळेल. आपण मेंटेनन्स भरतो, 'आपली सोसायटी' म्हणतो, पण कन्व्हेयन्स होईपर्यंत जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर. मळ्यातही प्रश्न तोच: इथे राबणारे नोकर, की सभासद?

मेक्सिकोत क्वेत्सालानला तोसेपान तितातानिस्के ही आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. 1977 साली सुरुवात झाली ती साखर रास्त भावात मिळवण्यापासून. (साखर आणि सहकार आपल्याला काय नवीन सांगायचं!) पुढे कॉफी आली, मध आला, आणि पाहुण्यांसाठी 'तोसेपान काली', म्हणजे 'आपलं घर'. ते खरोखरच संस्थेचं आहे. गाद्या मऊ असतीलच, याची हमी मात्र मालकी देत नाही.

कॉफीवाल्यांना हा जोडधंदा लागतो, कारण तोडणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे अरेबिका साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत उतरते, आणि तिचा भाव न्यूयॉर्कच्या बाजाराकडे बघून ठरतो. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटापद्धत (कोणत्या देशाने किती कॉफी निर्यात करायची, याची मर्यादा) मोडली आणि जगभर भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. खोलीचं भाडं मात्र गावाला स्वतः ठरवता येतं. पण ते संस्थेच्या खात्यात जमा होऊन कॉफी पिकवणाऱ्या घरांपर्यंत पोचलं, तरच त्या पडत्या वर्षात उपयोग.

वहिनींना म्हटलं, एवढंच विचारा: वर्षाअखेर उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे कोण ठरवतं? त्यांनी स्पीकरवर विचारलं. पलीकडे जरा शांतता, मग उत्तर आलं, "मॅडम, ब्रेकफास्ट फ्री आहे."

जाणार आहोत तिथेच. वहिनी त्याला आता नुसतं होमस्टे म्हणतात.