तारण: कोणाचे, कशापासून?

नगरच्या बाजारपेठेत एखाद्या पतसंस्थेच्या काचेवर 'सोनेतारण कर्ज' असे रंगवलेले असते, आणि चार दुकाने पुढे चर्चच्या भिंतीवर 'तारण फक्त प्रभू येशूत'. परगावचा माणूस गालात हसतो. इथल्या ख्रिस्ती माणसाला त्यात काही वेगळे वाटत नाही, इतका हा शब्द अंगवळणी पडला आहे. सध्या मात्र याच शब्दावरून मंडळ्यांमंडळ्यांत कुरबूर आहे. तारण पापापासून, की आजार, कर्ज आणि जात यांच्यापासूनही?

वाद जुना आहे आणि त्याचे मूळ ग्रीक क्रियापदात आहे. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या बाईला येशू जे म्हणतो आणि परूश्याच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या, घरी त्याचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या बाईला जे म्हणतो, त्या दोन्ही वाक्यांत मुळात एकच शब्द आहे, 'सोझो', म्हणजे वाचवणे, बरे करणेही. मराठीत पहिलीच्या बाबतीत विश्वासाने 'बरे केले' असे झाले आणि दुसरीच्या बाबतीत 'तारले'. अनुवादकांनी गैर काही केले नाही, पण शरीर एकीकडे आणि आत्मा दुसरीकडे अशी वाटणी तिथेच होऊन गेली.

ही शिकवण मराठीत सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोव्यातला. 1616 मध्ये राचोलला छापलेल्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटले. ऐकणाऱ्यांना पुराणाची सवय होती, त्यांना त्याच चालीवर सांगावे हा हिशेब. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी आणली आणि ती वाट खुंटली. एकोणिसाव्या शतकात सेरामपूरहून 1811 मध्ये आणि मुंबईहून 1826 मध्ये बायबलचा नवा करार मराठीत आला, तो वेगळ्या मंडळींच्या, प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या, हातून. त्यांना वैकुंठ नको होते.

मग हवे काय होते? हाताशी शब्द चार. 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणाचा फेरा सुटणे आले, आणि ख्रिस्ती शिकवणीत फेराच नाही. 'उद्धार' म्हणावे तर गीता सांगते की आपणच आपला उद्धार करावा. इथे तर बरोबर उलटे, स्वतःला वर काढणे माणसाच्या हातातच नाही. 'मुक्ती' चालण्यासारखी होती आणि काही ठिकाणी ती ठेवलीही. पण मुख्य जागा मिळाली 'तारणा'ला. शब्द नदीचा आहे. पूर आलेला, पोहता येत नाही, पलीकडे नेणारा दुसराच कोणीतरी. संतांच्या भवसागरामुळे ही प्रतिमा घराघरात होती, आणि 'देव तारी त्याला कोण मारी' हे तर पोरांनाही पाठ. कृपा म्हणजे काय हे सांगायला याहून नेमका शब्द मराठीत सापडला असता असे मला तरी वाटत नाही.

त्याच्या आजूबाजूचे शब्द मात्र थेट पेढीवरचे आणि कचेरीतले आहेत. येशू कराराचा 'जामीन' होतो. तो आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. रोज म्हणायच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे' सोडण्याची विनवणी आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची कर्जखते जाळली, ते लोण नगर जिल्ह्यातही पोचले. त्या मुलखातल्या कुणबी-महारांच्या कानाला ऋण सुटणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी. 'खंडणी'ने मात्र दगा दिला. पेशवाई आठवणाऱ्यांना ती मांडलिकाने सत्ताधीशाला द्यायची रक्कम वाटे, आजच्या मुलाला ती गुंडाच्या फोनवरून मागितली जाते असे वाटते. ती नेमकी कोणाला भरली, हा प्रश्न रविवारच्या वर्गात हमखास निघतो. तिसऱ्या शतकात कोणी म्हणाले सैतानाला, अकराव्याच्या अखेरीस कोणी म्हणाले देवाच्या दुखावलेल्या मानासाठी. मुलांचे समाधान दोन्हींनी होत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आपल्या वसाहतीला नाव दिले ते 'मुक्ती'. बायबलमधल्या यशयाच्या साठाव्या अध्यायात, तू आपल्या तटांना तारण म्हणशील अशा अर्थाचे वचन आहे, त्यावरून. तटाच्या आत होत्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा, त्यामुळे इथे आत्मा आणि भाकरी वेगळी काढता येत नव्हती. बाईंचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, 1883 चा. तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी नंतर स्वतःच लिहिले. शेवटची वर्षे त्यांनी खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. ते 1924 मध्ये, त्यांच्या मागे, छापून झाले.

1917 मध्ये नगरकडच्या कवीने, ना. वा. टिळकांनी, आपला 'देवाचा दरबार' हा शिष्यमेळा उघडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही शिष्य मानले. तारणाला पाण्याची सही लागते का, हा प्रश्न तेव्हापासून कपाटात बंद आहे. अधूनमधून कोणीतरी दार उघडून पाहतो.

दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेल्यांवर 'भाकरीसाठी बाटले' हा शिक्का बसला. ही टीका मला अर्धीच वाटते, कारण ज्या देवाने इस्राएलाला आधी गुलामीतून बाहेर काढले आणि आज्ञा नंतर दिल्या, त्याला भुकेचे वावडे असण्याचे कारण नाही. 1980 नंतर दलित ख्रिस्ती विचारवंतांनी नेमका हाच धागा ओढला. तोवर कागद पुढे गेले होते. जातीच्या सवलती कोणाला हे ठरवणाऱ्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती धरले गेले नाहीत. शीख 1956 मध्ये आले, बौद्ध 1990 मध्ये. खेड्यात पाणवठ्यावर जात कायम राहिली आणि कचेरीत तिचा दाखला नाही, अशी ही अवस्था. या प्रश्नासाठी 2022 मध्ये केंद्राने आयोग नेमला. मंडळीत मात्र अजून 'तुमचे तारण झाले का?' असे विचारले की उत्तरादाखल तारीख सांगितली जाते, बाप्तिस्म्याची.