चिंचोक्यांनी मूल गणितात कच्चं राहतं?

कोल्हापुरात पालकसभा असली की हा प्रश्न ठरलेलाच: "बाई, काड्या-चिंचोक्यांची सवय लागली तर पोरगं तोंडी हिशेब कधी करणार?" हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे.

दुसरीतल्या एका मुलीने ४३ वजा १७ चं उत्तर ३४ लिहिलं. तिनं सातातून तीन वजा केले होते. पाढे तोंडपाठ, पण हातचा म्हणजे काय हे माहीतच नाही. तिच्यासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवल्या. सात काढायला गेली, पुरेनात. मग तिनं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. सुट्ट्या झाल्या तेरा, त्यातून सात गेल्या, सहा उरल्या. तीन गठ्ठ्यांतला एक गेला. सव्वीस! तिचा चेहरा बघायला हवा होता.

आधी वस्तू, मग चित्र, मग अंक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली हाच क्रम मांडला. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकात त्यावरच गणित उभं केलं.

पालकांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. नुसत्या काड्या हलवून गणित येत नाही. रबर सोडलं त्याच क्षणी वहीत ४ खोडून ३ आणि शेजारी १३ लिहायला हवं. ही जोड बसली की मुलं काड्या स्वतःहून बाजूला सारतात. त्या आधीच हिसकावून घेऊ नका.