सायनसचा एक्स-रे: बसवून की पालथं झोपवून? जुन्या वादाची पार्श्वभूमी

एक्स-रेचा शोध 1895 चा आणि पुढच्या वीसेक वर्षांतच सायनससाठी डोकं कसं ठेवायचं ते बऱ्यापैकी ठरून गेलं. कपाळ-नाक टेकवून घेतात तो कॉल्डवेल व्ह्यू आधीचा, वॉटर्स व्ह्यू 1915 चा. वॉटर्समध्ये फक्त हनुवटी टेकवायची, नाक कॅसेटपासून (फिल्मच्या चपट्या डबीपासून) सेंटीमीटरभर सुटं. हनुवटी कमी उचलली तर कानाजवळचं टणक हाड गालाच्या सायनसवर येऊन बसतं, नीट उचलली की ते खाली सरकतं. डोळ्यापासून कानापर्यंतची रेघ आणि फिल्म यांच्यातला अँगल साधारण 37 अंश, त्यावरून फारसं कुणी भांडत नाही.

भांडण आहे ते बसवायचं की झोपवायचं यावर. सायनसमध्ये पू-पाणी असेल तर वर सरळ आडवी रेघ दिसते, पण त्यासाठी पेशंट बसलेला आणि बीम आडवा, दोन्ही पाहिजे. पालथं झोपवून वरून बीम सोडला की पाणी पसरतं, अख्खा सायनस धुरकट, मग पाणी आहे, सूज आहे का पॉलिप (आतला मऊ कोंब), सांगा बघू! पुस्तकं बसवूनच घ्या म्हणतात, तरी आमच्या तळकोकणातल्या छोट्या सेंटरांत वर्षानुवर्षं पालथंच घेत आले आणि याला टेक्निशियनचा आळस म्हणणं मला तरी पटत नाही. मशीन कमी एमएचं (मिलिअँपिअरचं, म्हणजे कमी ताकदीचं), व्होल्टेज कायम रडतंय, डोक्याचं हाड जाड म्हणून एक्सपोजर लांबवायचं, तेवढ्यात बसलेल्या आजोबांची मान हललीच समजा. भिंतीवरची उभी बकी, म्हणजे बसलेल्या पेशंटसाठी कॅसेट धरणारा स्टँड, बहुतेक ठिकाणी नव्हतीच. टेबलावर निदान डोकं स्थिर, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्या की झालं. त्यात पावसाळ्यात डार्करूममधली फिल्म वाळता वाळत नाही, तिथे रिपीट कोण काढणार?

नंतर सीआर आलं, डीआर आलं (फिल्मऐवजी कॉम्प्युटरवरचे डिजिटल एक्स-रे), उभ्या बक्याही आल्या, पण तोवर ईएनटीवाले सीटी मागायला लागले होते, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनला लागतात त्या बारीक वाटा एक्स-रेत दिसतच नाहीत. गंमत म्हणजे कोरोनल सीटीसाठीही (चेहऱ्याला समांतर उभे काप दाखवणारा सीटी) आधी पेशंटला पालथंच घालायचे, हनुवटी पुढे काढून मान मागे, स्पॉन्डिलायटिसवाल्यांचे हाल. एकदम अनेक बारीक काप घेणारं मल्टिस्लाइस सीटी आल्यावर ते सुटलं, आता उताणं झोपवून स्कॅन करायचा, कोरोनल कॉम्प्युटर बनवतो.

साध्या सर्दीला एक्स-रे काढूच नये असं आता सगळीकडे सांगतात. तरी चिठ्ठीवर 'पीएनएस' (पॅरानेझल सायनस, म्हणजे सायनसचा एक्स-रे) येतंच, स्वस्त पडतं ना, आणि बसवून की झोपवून ते कुणी लिहीत नाही.