स्ट्रेप्टोकॉकस : प्रयोगशाळेतील ओळख

साखळीत किंवा जोडीने दिसणाऱ्या, ग्राम-पॉझिटिव्ह (ग्राम रंगात जांभळ्या दिसणाऱ्या), कॅटॅलेज-निगेटिव्ह (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटॅलेज विकर नसलेल्या) गोल जंतूंची ओळख पटवण्याची पद्धत. घशाच्या सुजेपासून मेंदूज्वरापर्यंत अनेक आजारांत हे जंतू सापडतात आणि त्यांच्या नावावर औषध ठरते.

पहिली चाचणी कॅटॅलेजची : काचपट्टीवर वसाहत घेऊन ३% हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस. वसाहत वरच्या वर, लाकडी काडीने उचलावी. खालच्या माध्यमातले रक्त आले किंवा निक्रोमचा लूप वापरला, तर खोटे बुडबुडे येतात.

ब्लड अगारमध्ये (जंतू वाढवण्याच्या रक्तमिश्रित माध्यमात) ५% मेंढीचे रक्त हवे. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी वापरण्याची सवय सोडावी. तिच्यातली प्रतिद्रव्ये, सायट्रेट किंवा दात्याने घेतलेले प्रतिजैविक वाढ दाबते आणि रक्तविलय (वसाहतीभोवती रक्तपेशी फुटणे) नीट दिसत नाही.

बीटा रक्तविलय (वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ) असेल तर स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस की अ‍ॅगॅलॅक्टिए, हा पहिला प्रश्न. पायोजेनीस पीवायआर (एका विकराची झटपट रंगचाचणी) पॉझिटिव्ह असतो आणि ०.०४ युनिटच्या बॅसिट्रॅसिन डिस्कभोवती (प्रतिजैविक मुरवलेल्या कागदी चकतीभोवती) वाढत नाही. मात्र सी आणि जी गटातले काही जंतूही या डिस्कला दबतात, म्हणून लॅटेक्सने (प्रतिद्रव्य लावलेल्या कणांच्या गुठळ्या पाहून) लान्सफील्ड गट (पेशीभित्तीवरील प्रतिजनानुसार ए, बी, सी अशी वर्गवारी, १९३३) पाहावा. गट ए आला पण वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या आणि पीवायआर निगेटिव्ह असेल, तर तो अँजिनोसस हा स्ट्रेप्टोकॉकसचा वेगळा समूह असू शकतो. अ‍ॅगॅलॅक्टिएसाठी कॅम्प चाचणी : स्टॅफ ऑरियसच्या रेषेला काटकोनात, न टेकवता रेघ ओढली की बाणाच्या टोकासारखा विलय दिसतो.

अल्फा रक्तविलयात (वसाहतीभोवती हिरवट, अर्धवट विलय) खरी कसोटी न्यूमोकॉकसची (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिये). ५ मायक्रोग्रॅम, ६ मिमीच्या ऑप्टोचिन (न्यूमोकॉकसला रोखणारे रसायन) डिस्कभोवती १४ मिमी किंवा अधिक वर्तुळ हवे, तेही ५% कार्बन डायऑक्साइडमध्ये. साध्या हवेत वर्तुळ मोठे येते आणि व्हिरिडन्स (अल्फा रक्तविलय करणारे इतर स्ट्रेप्टोकॉकस) गटातला जंतू न्यूमोकॉकस म्हणून खपतो. वर्तुळ त्याहून लहान असल्यास पित्तविद्राव्यता (पित्तक्षारात वसाहत विरघळते का) तपासावी. डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराचा थेंब टाकल्यावर प्लेट तिरकी करू नये. वसाहत वाहून गेली तरी विरघळल्यासारखी भासते. मॅल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतू ओळखणारे) यंत्रही न्यूमोनिये आणि व्हिरिडन्स गटातला मिटिस यांत गफलत करू शकते, म्हणून ही जुनी चाचणी टिकवायलाच हवी.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत डिस्क हा कच्चा दुवा ठरतो. फ्रिजमधून काढलेली कुपी लगेच उघडली की आत दव धरते, डिस्कचा जोर उतरतो आणि पायोजेनीस बॅसिट्रॅसिनला न दबणारा वाटतो. कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. नव्या लॉटसोबत एटीसीसी या अमेरिकन जंतुसंग्रहातले प्रमाण जंतू १९६१५ (पायोजेनीस) आणि ४९६१९ (न्यूमोकॉकस) लावून पाहावेत. घोडबंदरच्या वाहतुकीत अडकणारा घशाचा स्वॅब एमीज या जंतू टिकवून ठेवणाऱ्या माध्यमात पाठवावा. पाठीच्या मणक्यातले पाणी मात्र ताबडतोब लावावे, फ्रिजमध्ये कधीच ठेवू नये.

एन्टेरोकॉकस १९८४ साली स्ट्रेप्टोकॉकसमधून निघून वेगळी प्रजाती (जीनस) झाली. तो बाइल-एस्क्युलिन हे माध्यम काळे करतो, ६.५% मिठात वाढतो, पीवायआर पॉझिटिव्ह असतो आणि सेफॅलोस्पोरिनला दाद देत नाही. व्हँकोमायसिनला न जुमानणारा जंतू दिसला, तर अहवाल सोडण्याआधी पीवायआर पाहावी : ल्युकोनॉस्टॉक हा त्याच्यासारखा दिसणारा जंतू जन्मतःच व्हँकोमायसिनला दाद देत नाही, पण तो पीवायआर निगेटिव्ह असतो.