सार्वजनिक ग्रंथालयांचे आधुनिकीकरण (महाराष्ट्र व गोवा)

सार्वजनिक ग्रंथालयांची इमारत, वाचकसेवा, तालिका (संग्रहातील ग्रंथांची सूची) आणि देवघेव यांची काळानुरूप केलेली फेररचना. व्यवहारात ही संज्ञा बहुधा संगणकीकरणापुरतीच वापरली जाते. येथे ती व्यापक अर्थाने घेतली आहे.

प्रारंभ : मराठी प्रदेशातील जुनी वाचनालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाचे स्थापनावर्ष परंपरेने 1828 दिले जाते. अहमदनगर (1838), नाशिक (1840) आणि पुणे (1848) येथील संस्था त्यानंतरच्या. पणजीच्या ग्रंथालयाचा आरंभ पोर्तुगीज अमदानीत 1832 मध्ये झाला. ‘देशातील पहिले’ हा मान यांपैकी कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. वाचनालय कोणासाठी खुले होते, हा निकष लावल्यास केवळ स्थापनावर्षावरून निवाडा करता येत नाही.

आधुनिकीकरण केव्हापासून धरावे, हा प्रश्नही वादाचा आहे. काही अभ्यासक 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम ही सीमारेषा मानतात. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच असा कायदा केला होता, पण पुढे संस्थान विलीन झाल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष परिणाम अल्पकाळच टिकला असावा. बडोद्यापासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये डब्ल्यू. ए. बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले. कुलूपबंद कपाटांऐवजी मुक्तद्वार पद्धत, गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्या आणि प्रशिक्षित कर्मचारी ही आधुनिक ग्रंथालयाची तिन्ही अंगे तेथे एकत्र दिसतात. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांमधील मजल्यांना जाड काचेची तावदाने बसवली आहेत. त्यांतून वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठींपर्यंत पोचतो.

कायदा व अर्थसाहाय्य : 1967 च्या अधिनियमात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ती होती. महाराष्ट्रातील बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्थांनी चालवलेली असून त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही (1972) ग्रंथ व साधनसामग्रीसाठी साहाय्य होते. शासकीय अनुदान मुख्यतः पगार व ग्रंथखरेदीतच संपते. त्यामुळे संगणक देणगीतून मिळतो, पण त्याची देखभाल कोणी करायची हा प्रश्न मागे राहतो.

तालिकेचे संगणकीकरण : हा या विषयाचा गाभा असूनही त्याची चर्चा फारच थोडी होते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, मुक्तस्रोत ‘कोहा’ या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या संगणकप्रणाली वापरात आहेत. दाखल नोंदवहीतील (ग्रंथ संग्रहात आल्यावर जीत नोंदवतात त्या वहीतील) नोंदी संगणकात चढवताना मराठीपुरत्या काही अडचणी उभ्या राहतात. युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती येण्याआधीच्या) फाँटांत केलेल्या नोंदी नव्या प्रणालीत रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतात. योग्य परिवर्तक न मिळाल्यास त्या पुन्हा टंकाव्या लागतात.

युनिकोड आल्यावरही प्रश्न मिटत नाहीत. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता (खालचा टिंब) असलेला ‘ऱ’ व हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), किंवा साधा ‘र’, हलन्त व झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधयंत्राने त्यांचे एकरूपीकरण केलेले नसेल, तर एका पद्धतीने नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडत नाही आणि वाचकाला ‘पुस्तक नाही’ असे उत्तर मिळते.

क्रमवारीतही हाच घोटाळा होतो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. संकेतांकांनुसार (संगणकातील अक्षरांच्या क्रमांकांनुसार) लावलेल्या यादीत मात्र ळ हा ल च्या लगेच नंतर बसतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जातो. मराठीसाठी वेगळा क्रम उपलब्ध आहे, पण तो प्रणालीत निवडावा लागतो. शिवाय 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या मुखपृष्ठावर ‘पुस्तकें’ असे छापलेले असते, तर आजचा वाचक ‘पुस्तके’ असे टंकतो. नोंद मुखपृष्ठाबरहुकूम ठेवून आजच्या लेखनाची जोडनोंद देणे, हाच यावर योग्य उपाय होय. त्याला वेळ लागतो आणि जाणकार तालिकाकारही लागतो.

बारकोड बऱ्याच ठिकाणी आला आहे. 13.56 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या) पट्ट्यांमुळे ग्रंथांची ढिगाने देवघेव व साठापडताळणी करता येते, पण त्यांचा खर्च लहान वाचनालयांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

अंकीकरण : मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आपल्या दुर्मिळ साहित्याचा काही भाग खुला केला आहे. भारतात ग्रंथाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीनुसार ना-नफा ग्रंथालयाला आपल्याकडील छापील प्रतीची जतनासाठी अंकीय प्रत ठेवता येते. ती सर्वांसाठी महाजालावर टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ठिसूळ झालेल्या नियतकालिकांच्या बाबतीत हे काम तातडीने व्हायला हवे : कागद हात लावताच तुटू लागला की प्रतिमा घेण्याची संधी पुन्हा येत नाही.

इमारती : मुंबईतील डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या 1870 मधील वास्तूचे पुनरुज्जीवन 2023 मध्ये पूर्ण झाले. मूळ बाज परत आणणे हेच तेथे नूतनीकरण ठरले. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय मात्र जुनी जागा सोडून पाटो येथील नव्या बहुमजली इमारतीत गेले.

वाचकसेवा : स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी अभ्यासिका हा अलीकडचा सर्वांत ठळक बदल. अनेक वाचनालयांत ललित ग्रंथांच्या सभासदांपेक्षा तेथील गर्दी डोळ्यांत भरते. हे विद्यार्थी बहुधा स्वतःचीच पुस्तके आणतात. त्यांना हवी असते ती शांत जागा, दिवा आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतील पेट्या दुबईतील मराठी वाचकांपर्यंत पोचल्या आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे 2017 पासून घराघरांत पुस्तके मांडून ‘पुस्तकांचे गाव’ चालवले जाते.