फोनवर बायडेन यांचं नाव निघालं होतं का?

२५ जुलै २०१९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की फोनवर सुमारे अर्धा तास बोलले. त्यात २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध उभे राहू शकणारे ज्यो बायडेन यांचा विषय निघाल्याचं खुद्द ट्रम्प यांनीच २२ सप्टेंबरला पत्रकारांना सांगितलं. २४ तारखेला प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी महाभियोगाची चौकशी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने त्या संभाषणाचं पाच पानी टिपण प्रसिद्ध केलं. बायडेन यांचं नाव त्यात होतंच.

त्याच आठवड्यात मॉनमथ विद्यापीठाने जनमत चाचणी घेतली. बायडेन यांच्या चौकशीचा विषय ट्रम्प यांनी फोनवर काढला असावा, असं तुम्हाला वाटतं का? रिपब्लिकन मतदारांपैकी फक्त ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं.

हा आकडा वाचून ‘लोकांना डोळ्यांसमोरचं दिसत नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण चाचणीतलं चुकीचं उत्तर म्हणजे मनातली चुकीची समजूत असेलच, असं नाही. काहींच्या कानावर बातमीच आलेली नसते. काहींनी ऐकलेली असते, पण पटलेली नसते. काहींना सगळं ठाऊक असतं, तरी विचारणाऱ्यापुढे आपल्या माणसाची बाजू सोडायची नसते. आकड्यात तिघंही एकाच रकान्यात जातात. त्यांना वेगळं करायला प्रयोगच करावे लागतात.

त्यातला सर्वांत सुटसुटीत प्रयोग जानेवारी २०१७ मधला आहे. ट्रम्प यांच्या शपथविधीनंतर लगेच, ब्रायन शाफनर आणि सामंथा लक्स या संशोधकांनी काही जणांना दोन छायाचित्रं शेजारी-शेजारी दाखवली. एक होतं ट्रम्प यांच्या शपथविधीचं आणि दुसरं ओबामांच्या २००९ च्या शपथविधीचं. कोणतं कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच, की जास्त माणसं कोणत्या छायाचित्रात आहेत? ट्रम्प यांच्या छायाचित्रात मोकळी जागा उघड दिसत होती. तरी ट्रम्प यांना मत दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांनी त्याच छायाचित्रावर बोट ठेवलं. हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांत हे प्रमाण २ टक्के होतं आणि मतदान न केलेल्यांत ३ टक्के. पदवीधर ट्रम्प-मतदारांत मात्र ते २६ टक्क्यांवर गेलं. कोणाच्या शपथविधीला जास्त गर्दी होती, यावरून पेटलेला वाद ज्यांना माहीत असण्याची शक्यता जास्त, त्यांनीच चुकीचं उत्तर जास्त दिलं. ही नजरेची चूक नव्हे. प्रश्नाचं रूपांतर त्यांनी मनातल्या मनात ‘तू कोणाच्या बाजूचा?’ असं केलं आणि त्याचं उत्तर दिलं.

मग खरं उत्तर कसं काढायचं? जॉन बुलक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पैशांचा मार्ग वापरून पाहिला. बरोबर उत्तराला छोटीशी रक्कम देऊ केली, तेव्हा डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्या उत्तरांतलं अंतर निम्म्याहून अधिक घटलं. ‘माहीत नाही’ या उत्तरालाही थोडे पैसे ठेवले, तर घट सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचली. ही दुसरी युक्ती फार महत्त्वाची आहे. ज्याला खरोखर ठाऊक नसतं, तो अंदाज बांधताना आपल्या पक्षाला बरं दिसेल अशा बाजूला झुकतो. अज्ञान कबूल करायला वाव दिला, की तो अंदाज गळून पडतो. पण पैसे देऊनही सगळं अंतर पुसलं जात नाही. नंतरच्या काही प्रयोगांत घट बरीच कमी दिसली. प्रामाणिक गैरसमज उरतातच.

ते का उरतात, यावर येल विद्यापीठाच्या डॅन काहान यांच्या प्रयोगाची खूप चर्चा झाली. लोकांना चार आकडे दिले. त्वचेचं नवं मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं आणि ७५ जणांचं वाढलं. मलम न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं आणि २१ जणांचं वाढलं. मलम गुणकारी आहे का? घाईत पाहणारा २२३ आणि १०७ यांची तुलना करून ‘हो’ म्हणतो. पण हिशेब गटागटाने करायला हवा. मलमवाल्या २९८ पैकी २२३, म्हणजे ७५ टक्के बरे झाले. बिनमलमाच्या १२८ पैकी १०७, म्हणजे जवळजवळ ८४ टक्के. मलमाने उलट नुकसानच केलं! आकडेमोडीत तरबेज असलेल्यांनी हे जास्त अचूक ओळखलं. नंतर तेच आकडे बंदुकांवरची बंदी आणि गुन्हेगारी या विषयाखाली मांडले, तेव्हा खरं उत्तर आपल्या मताला सोयीचं नसलं, की तरबेज मंडळीही बरेचदा पहिल्या तुलनेवरच थांबली. पहिल्या तुलनेतून निघणारं उत्तर सोयीचं नसेल तिथे ती पुढे हिशेब करत, सोयीचं दिसलं की नाही. स्वीडनमध्ये हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हुशारीने पक्षपात वाढतो हा निष्कर्ष टिकला नाही. त्यामुळे तेवढा भाग मी जपूनच वापरेन. मात्र नकोशा पुराव्याची जास्त कसून तपासणी होते, हे इतर अनेक अभ्यासांतही दिसलं आहे.

महाभियोगाच्या सुनावणीत याचं ठळक उदाहरण २० नोव्हेंबर २०१९ चं. युरोपीय संघातले अमेरिकेचे राजदूत गॉर्डन सॉन्डलंड यांनी साक्षीत सांगितलं, की झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसच्या भेटीचं निमंत्रण देण्याच्या बदल्यात काही मागितलं गेलं होतं का, याचं उत्तर ‘हो’ आहे. त्याच साक्षीत त्यांनी हेही सांगितलं, की सप्टेंबरमधल्या फोनवर ट्रम्प त्यांना ‘मला काही नको, कसलाही सौदा नको’ असं म्हणाले होते. एका बाजूने पहिलं वाक्य उचललं, दुसऱ्या बाजूने दुसरं. दोघांनीही उद्धृत केलं ते खरंच. साक्षीचा अर्थ मात्र दोन टोकांना गेला.

म्हणून चांगली प्रश्नावली एका मोठ्या प्रश्नाचे तुकडे करते. फोनवर बायडेन यांचं नाव निघालं का? युक्रेनची ३९ कोटी १० लाख डॉलरची मदत रोखली होती का? ती ११ सप्टेंबरला सुटली, पण ती रोखण्याचा आणि बायडेन यांच्या चौकशीच्या मागणीचा संबंध होता का? असल्यास ते गैर का? आणि गैर असल्यास पदावरून काढण्याइतकं गैर का? पहिले दोन प्रश्न कागदपत्रांवरून सुटतात. तिसऱ्यात हेतूचा अंदाज येतो, शेवटचे दोन मूल्यांचे आहेत. सगळे एकाच दमात विचारले, की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर सांडतं. ‘काढू नये’ म्हणणारा ‘नाव निघालंच नाही’ असं सांगून बसतो. तुकडे केल्यावरही प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ हा पर्याय हवा आणि ‘किती खात्री आहे?’ हा जोडप्रश्नही.

तथ्यतपासणीची मर्यादाही इथेच कळते. टॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी १० हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषय तपासले. दुरुस्ती दाखवली की लोक उलट जास्त हट्टाला पेटतात, ही भीती त्यांना जवळपास कुठेच खरी ठरलेली दिसली नाही. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या गुन्हेगारीविषयीच्या दाव्यासमोर सरकारी आकडे ठेवले, तेव्हा त्यांच्या समर्थकांनीही आपली समजूत काही प्रमाणात सुधारली. ट्रम्प यांच्याविषयीचं मत मात्र हललं नाही. दुरुस्ती वरच्या पहिल्या प्रश्नापर्यंत पोचते, पाचव्या प्रश्नापर्यंत नाही.

सिनेटमध्येही हेच घडलं. टेनेसीचे रिपब्लिकन सिनेटर लामार अलेक्झांडर यांनी ३० जानेवारी २०२० रोजी निवेदन काढलं. ट्रम्प यांनी केलं ते गैर होतं, ते सिद्धही झालं आहे, आणखी पुराव्याची गरज नाही. पण राज्यघटनेनुसार पदावरून काढण्याइतकं ते मोठं नाही, असं त्यांचं म्हणणं. युटाचे रिपब्लिकन मिट रॉम्नी यांनी तीच तथ्यं मानली आणि ५ फेब्रुवारीला सत्तेच्या दुरुपयोगाच्या आरोपावर ‘दोषी’ असं मत दिलं. अलेक्झांडर यांचं मत ‘निर्दोष’च्या ५२ मतांत गेलं, रॉम्नी यांचं ‘दोषी’च्या ४८ मतांत.