समुद्री माशाला जखम झाली? मीठ राहू द्या

गोल्डफिशच्या अंगावर ओरखडा दिसला की दुकानदार हमखास सांगतो, "चमचाभर खडेमीठ टाका पाण्यात." गोड्या पाण्यातल्या माशासाठी हा सल्ला बरोबरच आहे. पण ठाणे-नवी मुंबईतल्या घरांमध्ये आता क्लाऊनफिश, डॅमसेल, ब्लू टँगही दिसू लागलेत आणि जुना सल्ला त्यांच्याही मागे लागलाय. तिथे तो नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण याच्या जेमतेम एक तृतीयांश. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं समुद्री माशाच्या अंगातून सतत पाणी बाहेर खेचलं जात असतं. भर समुद्रात राहून तो कायम तहानलेला. म्हणून तो दिवसभर समुद्राचंच पाणी पितो, जादाचे क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. गोल्डफिशचं सगळं याच्या उलट: पाणी आत शिरतं, क्षार बाहेर जातात. त्याच्या टाकीत मीठ घातलं की रक्तातल्या आणि पाण्यातल्या क्षारांमधलं अंतर कमी होतं, म्हणून त्याला बरं वाटतं.

या सगळ्या खेळात कातडी हा बांध आहे. खवले उडाले, कातडी फाटली की बांध फुटला. जंतुसंसर्ग नंतरची गोष्ट; पहिला धोका पाणी निघून जाण्याचा. मोठी जखम झालेला समुद्री मासा कित्येकदा जंतूंच्या आधी या गळतीनेच खचतो.

आपल्या कातडीवर मृत पेशींचा कोरडा थर असतो. माशाची कातडी अगदी वरच्या पेशीपर्यंत जिवंत असते आणि तिच्यावर बुळबुळीत श्लेष्माचं आवरण असतं. त्या बुळबुळीत जंतू फोडणारी विकरं आणि प्रतिपिंडं असतात. जाळीत धरून, वर बोटांनी दाबून मासा हलवला की नेमकं हेच आवरण पुसलं जातं. टँगच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असतो, तो जाळीत अडकला तर नवीनच जखम होते. म्हणून जखमी मासा प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्यावा.

पाण्यात खपली धरत नाही, मग जखम भरते कशी? कडेच्या पेशी चक्क सरपटत उघड्या भागावर येतात. माशाच्या कातडीतल्या या पेशी मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर सरकू शकतात. प्राण्यांच्या पेशींमध्ये हा वेग फारच मोठा आहे, म्हणून पेशी चालतात कशा हे पाहायला शास्त्रज्ञ माशाचे खवलेच वापरतात. लहान ओरखड्यावर एक-दोन दिवसांत पातळ, दुधट पडदा दिसतो. इथेच लोक घाबरतात आणि "बुरशी आली" म्हणून बाटल्या ओततात. खरं तर गोल्डफिशवर दिसणारी कापसासारखी बुरशी पूर्ण खाऱ्या पाण्यात सहसा टिकत नाही. सपाट, कडेला चिकटलेला, रोज थोडा आक्रसणारा पडदा हे जखम भरण्याचं लक्षण. पुंजके लोंबत असतील, कडा लाल होऊन पसरत असतील तर मात्र संसर्ग धरावा.

जखम बघायची ती खोलीतला दिवा मालवून, बाजूने टॉर्च मारून. मारामारीत किंवा दगडावर आपटून झालेली जखम अचानक येते, बहुतेक एकाच बाजूला असते, फाटलेल्या पराची कड स्वच्छ असते. एकच डोळा सुजला असेल तर मार लागलाय. दोन्ही सुजले तर आत काहीतरी बिघडलंय. चेहऱ्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर दोन्हीकडे सारखे खड्डे पडले तर ती जखम नव्हेच, ती झीज आहे. टँग आणि एंजलमध्ये ती जास्त दिसते. एका प्रयोगात लिग्नाइटपासून केलेला सक्रिय कोळसा वापरलेल्या टाक्यांत टँगच्या जातभाईंना ती झाली होती, तेव्हा आधी फिल्टरमधला कोळसा तपासावा. आणि हिरव्या क्रोमिसच्या (हा डॅमसेलचाच एक प्रकार) कुशीवर लाल, रक्ताळलेला चट्टा दिसला तर भांडणाला दोष देऊ नका. तो बहुधा युरोनेमा नावाचा एकपेशीय परजीवी असतो. तो स्नायूंत खोल शिरतो, वरवरच्या औषधाला दाद देत नाही, आणि मासा दोन-चार दिवसांत जातो.

साध्या जखमेचा मासा खात असेल, नीट पोहत असेल आणि त्याला कोणी छळत नसेल, तर त्याला आहे तिथेच राहू द्यावा, असं माझं मत. पाठलाग करून पकडण्याचा ताण जखमेपेक्षा महाग पडतो. जखम खोल असेल किंवा दुसरे मासे टोचत असतील तरच वेगळी टाकी: तळ उघडा, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एक स्पंज फिल्टर. मिठाऐवजी इथे क्षारता उतरवायची. पाण्याची नेहमीची १.०२५ घनता (गोड्या पाण्याची १; क्षार वाढले की ती वाढते) दोनेक दिवसांत १.०२० च्या खाली, १.०१८ पर्यंत आणली की गळती कमी होते. परत चढवताना त्याहून सावकाश, कारण चढ माशाला जास्त जड जातो. हा उपाय मुख्य टाकीत करू नये. प्रवाळ आणि कोळंब्यांना तो सोसत नाही.

आपल्याकडची खरी अडचण उकाडा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाणी सहज तिशी ओलांडतं, आणि गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंखा लावून पाणी गार करता येतं, पण उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा चिलरवाले सुखी. ठाण्याच्या खाडीचं पाणी आणून भागेल का, असंही कोणी विचारतं. अजिबात नको: सांडपाणी आहेच, शिवाय पावसाळ्यात त्याची क्षारता पार कोसळते.

प्रतिजैविकाची घाई करू नये. कपाटातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकणं तर निव्वळ वाया, कारण समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं. अर्धवट डोसाने जंतू निर्ढावतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. मग अमोनिया साठतो, आणि ८.२ पीएचच्या पाण्यात त्याचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. औषध लागलंच तर मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्याला विचारून, मासा खात असेपर्यंत खाद्यातून द्यावं, आणि रोज थोडं पाणी बदलावं. तांब्याचं औषध पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी आहे, जखमेसाठी नव्हे. हळदही आपल्या बोटाला राहू द्या.

मासा बरा झाला की मुख्य टाकीत सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलावी. तो नसताना बाकीच्यांनी त्याची जागा बळकावलेली असते. मांडणी बदलली की सगळ्यांनाच नव्याने हद्द आखावी लागते. पहिले एक-दोन दिवस त्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, त्याच पाण्यात तरंगत ठेवावं आणि कोण डब्यावर धडका मारतोय ते बघावं. जो मारतो, त्यालाच काही दिवस बाहेर काढावं.